भिंतीवरचे तीन ठोके

१

शनिवारी दुपारी दोनला एलेनोआ हातातलं विणकाम खाली ठेवी, सकाळपासून उन्हात तापत ठेवलेले सेल रेडिओत घाली आणि भिंतीला पाठ लावून चटईवर बसे. दोन ते चार ‘शनिवारचा मेळा’. बेटावर एकोणतीस घरं. त्या दोन तासांत एकाही घरात चूल पेटत नसे.

मेळा यायचा टोंगाच्या राजधानीतून, पण होता ऐकणाऱ्यांचा. फर्माईश करायची तर चिठ्ठी लिहून बुधवारच्या बोटीवर द्यायची. गळा असेल तर मोठ्या बेटावरच्या पोस्टात जाऊन टेलिफोनमध्ये गायचं. अर्धं गाणं वारा खाऊन टाकी, तरी लोक कौतुक करत. बारसं, वाढदिवस, हरवलेली डुकरीण, सगळ्याला तिथे जागा होती. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत ‘आवाज कुणाचा?’

ज्याच्याकडे टेपरेकॉर्डर असेल त्यानं घरादारातला एखादा आवाज भरून कॅसेट पाठवायची, उत्तर डबीच्या आत लिहायचं. निवेदक मालाकाई त्यातला चिमूटभर आवाज ऐकवी. ऐकणाऱ्यांनी चिठ्ठ्या धाडायच्या. ओळखला, तर पाठवणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं नाव जोडीनं वाचलं जाई, आणि पुढच्या वेळी नवा आवाज. नाही ओळखला, तर पुढच्या शनिवारी तोच आवाज, पण आणखी थोडा पुढपर्यंत.

एलेनोआनं आजवर सतरा आवाज ओळखले होते. झाडाच्या सालीचं कापड कुटण्याचा ठोका ऐकून तिनं बाई डावखुरी आहे हेसुद्धा लिहून पाठवलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. गावात तिच्या कानाचा दरारा होता. तिच्या तोंडाचाही होता.

चिठ्ठी बोटीवर नेऊन द्यायचं काम तिच्या धाकट्या भावाचं, सेमीसीचं. तो मेळा ऐके, पण भिंतीच्या बाहेरून. वयात आलेले भाऊ-बहीण एका छपराखाली बसून रेडिओ ऐकत नाहीत. गाण्यात कधी काय शब्द येईल, कुणी सांगावं. आत बहीण, बाहेर ओंडक्यावर भाऊ, मध्ये नारळाच्या झावळ्यांची विणलेली भिंत. चाळीस वर्षं त्यांनी मेळा असाच ऐकला. येताना तो अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या टाकीपाशी थांबून तिथला मग भरून पाणी पिई, पिऊन झालं की तोच मग तोटीवर दोनदा आपटी, टक टक, शेवटचा थेंब झाडायला. मग ओंडक्यावर बसे. आवाज कमी वाटला तर भिंतीवर तीन ठोके मारी. म्हणजे, थोडं मोठ्यानं. ती कळ फिरवी.

सेमीसीला समुद्रानं नेलं त्याला चौदा महिने झाले होते.

२

त्या शनिवारी मालाकाई म्हणाला, आज एक नवीनच कॅसेट आली आहे, बघा जमतं का.

खडे वाजले. पोवळ्याच्या पांढऱ्या खड्यांवरून कुणीतरी चालत होतं. एक पाऊल पडायचं, दुसरं ओढलं जायचं. मग तोटी फिरल्याचा बारीक कुईंकार, आणि आवाज तुटला.

एलेनोआच्या हातातला पंखा थांबला.

सेमीसीच्या उजव्या टाचेत लहानपणी पोवळं घुसलं होतं. तो पाय तो आयुष्यभर ओढत चालला. आणि टाकीची ती तोटी गेली सहा वर्षं कुईं करत होती. तेल घाल म्हणून तिनं भाचीकरवी शंभर निरोप धाडले होते त्याला.

ती उठली, बाहेर गेली. टाकी होती, तोटी होती. ओंडक्यावर शेजाऱ्यांची कोंबडी बसली होती. एलेनोआनं तिला हाकललं आणि स्वतःलाही चार शब्द सुनावले. तोट्या साऱ्या राज्यात एकाच दुकानातून येतात. लंगडे काय एकटे आपल्याच घरी जन्मले? एकसष्टाव्या वर्षी बाईनं असं खुळ्यासारखं करू नये.

तरी रात्रीच्या आत तिनं चिठ्ठी लिहिली. ‘लंगडणारा माणूस, घरच्या टाकीवर.’ खाली नाव लिहिलं. बुधवारी बोट आली, भोंगा झाला, खलाशानं तिच्या दारावरून जाताना विचारलं, की आत्याबाई, या खेपेला चिठ्ठी नाही का? तिनं रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईत खोचलेली चिठ्ठी हातानं दाबून धरली आणि म्हणाली, नाही सुचलं या वेळी.

ओळखला, की आवाज संपणार. हा खेळाचा नियम तिच्याइतका कुणाला पाठ होता?

३

पुढच्या शनिवारी मालाकाईनं लोकांची उत्तरं वाचली. कुणी लिहिलं होतं, खेकडा पत्र्यावर चालतोय. कुणी, पाद्रीसाहेबांची सायकल. एकानं लिहिलं, माझी सासू येतेय, मी पावलांवरून ओळखतो. त्याला मालाकाई म्हणाला, बाबा, नाव वाचत नाही, तुझं भलं होवो.

सगळी चूक. आवाज पुन्हा लागला, थोडा पुढपर्यंत. खडे, तोटी, मगात पडणारं पाणी. मग पिण्याचा आवाज. घोट, घोट, घोट. आणि तुटला.

एलेनोआ दोन टकटकींची वाट पाहत राहिली होती. त्या आल्या नाहीत.

तिनं ठरवलं, शहानिशा करायची. टाकीवरचा मग इनॅमलचा होता, कडेला टवका गेलेला, तोटीवर टांगलेला. शुक्रवारी तिनं तो काढला आणि स्वयंपाकाच्या खोपटात नेऊन पिठाच्या डब्यात तळाशी पुरला. कुणाला सांगितलं नाही. कॅसेट तर राजधानीत कपाटात पडलेली. जे भरलंय ते भरलंय, इथला मग हलवला म्हणून तिथला आवाज थोडाच हलणार?

शनिवारी खडे वाजले, एक पाऊल, एक ओढ. तोटी कुईं झाली. मग काहीच नाही. पाणी नुसतं जमिनीवर पडत राहिलं. मग तोटी बंद झाली, आणि ओढणारं पाऊल लांब गेलं. पत्र्याचं झाकण उचकटल्याचा आवाज आला.

“पाठवणारा मोठा बेरकी दिसतोय,” मालाकाई हसत म्हणाला, “अख्ख्या घरादारातून फिरवतोय आपल्याला.”

मेळा संपेपर्यंत एलेनोआ जागची हलली नाही. मग खोपटात गेली. पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं होतं. तिनं पिठात कोपरापर्यंत हात घातला. तो मग होता तिथेच होता. बाहेर काढला तर आतून पिठाची खळ झालेली, ओली. बोट लावून तिनं चाटून पाहिलं. तिला वाटलं होतं खारट लागेल.

गोडं पाणी होतं. टाकीचं.

४

लाविनिया आली ती सोमवारी. सेमीसीची मुलगी, चोवीस वर्षांची, आईविना वाढलेली. अजून काळ्या कपड्यांत, कमरेला सुतकाची फाटकी चटई, तिच्या कडा झिजून दोऱ्या लोंबत होत्या. शेजारच्या बेटावरच्या शाळामास्तरशी तिचं ठरलं होतं. मास्तर दोन वेळा येऊन कसावा खाऊन परत गेला होता. सुतक सुटल्याशिवाय लग्न नाही. बापाचं नाव रेडिओवर निधनवार्तांत वाचलं गेल्याशिवाय सुतक सुटणं नाही. आणि नाव द्यायचं की नाही, हे ठरवणार आत्या. बापाच्या बहिणीपुढे घरात कुणाचं काही चालत नाही.

आत्यानं चौदा महिने एकच उत्तर दिलं होतं. देह दाखवा, मग नाव देते.

लाविनिया दारातच मांडी घालून बसली. आधी हवेचं बोलली, मग शेजारणीच्या गळक्या छपराचं. मग म्हणाली, टाकी बघितलीस का, आत्या? पाऊस नाही हे खरं, पण आपण दोघीच पिणार. खिळ्यानं खूण केली होती, त्याच्या चार बोटं खाली गेलंय पाणी, महिन्याभरात.

एलेनोआ म्हणाली, तुझा मास्तर पितो गाढवासारखा.

“मास्तर पाच आठवडे आला नाही. त्याची आई म्हणते, ज्या घरात मेलेल्याला मेलेला म्हणत नाहीत तिथली मुलगी नको.”

यावर एलेनोआनं त्या आईचा उद्धार केला असता, एरवी. आज तिनं वेगळंच विचारलं.

“शनिवारचा तो आवाज. तुला काय ऐकू येतं गं?”

लाविनिया चटईच्या दोऱ्या बोटाला गुंडाळत राहिली.

“कुणीतरी पाणी पितंय, आत्या. आणि त्याचं पुरं होत नाहीये. मी बंद करते तेव्हा रेडिओ. शेजारीही बंद करतात.”

“कोण असेल?”

“मला नको विचारू,” लाविनिया म्हणाली, आणि जाताना टाकीला वळसा घालून, दुरून गेली.

५

एक गोष्ट एलेनोआनं कुणाला सांगितली नव्हती. पाद्रीसाहेबांनाही नाही.

ती सकाळ अशीच कोरड्या दिवसांतली होती. सेमीसीनं बाहेरच्या खडकांवर मासे मारायला जायचं म्हणून पाण्याचा कॅन भरून टाकीपाशी ठेवला आणि तो जाळं आणायला गेला. पांढरा प्लास्टिकचा, काठोकाठ भरलेला. एलेनोआनं पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. टाकीत गुडघाभर पाणी, आणि हा तीन तासांच्या कामाला एवढा कॅन नेणार? तिनं कॅन उचलला आणि अर्धा टाकीत परत ओतला. तो परत आला तेव्हा ती तिथेच उभी होती. त्यानं कॅन उचलला, हाताला हलका लागला, तसं त्यानं एकदा कॅनकडे पाहिलं.

तिच्या जागी बायको असती तर त्यानं विचारलं असतं. मुलगी असती तर ओरडला असता. बहिणीला उलट बोलायचं नसतं. तो मान खाली घालून पाय ओढत किनाऱ्याकडे गेला.

इंजिन बंद पडलं असावं. अकरा दिवसांनी होडी दूरच्या एका बेटाला लागली, धडधाकट, रिकामी. जाळं होतं, गळ होते, कॅन होता. कोरडा ठणठणीत. तोच कॅन लोकांनी तिला आणून दिला. खोपटात आढ्याला टांगलेला होता तो, चौदा महिने. त्याच्याकडे पाठ करून ती स्वयंपाक करायची.

आता तिनं तो मग धुतला आणि भरून तोटीखाली ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी हा मग, शनिवारी सकाळी बादली. घरी कुणी पाहुणा यायचा असला की करतात तसं, वर केळीचं पान झाकून. मेळ्यात घोटांचा आवाज लांबत गेला, आणि बादलीतलं पाणी कमी होत गेलं. उन्हानं होतं, ती म्हणायची. कोंबड्या पितात. शनिवारी दोन वाजायची मात्र ती सोमवारपासून वाट पाही. तिनं केस तेल लावून विंचरायला सुरुवात केली होती.

टकटक काही येत नव्हती. त्याचं पोट भरत नव्हतं.

सहाव्या शनिवारी पिणं मध्येच थांबलं. ओढणारं पाऊल घराकडे आलं. ओंडका करकरला. आणि मग रेडिओतून, तीन ठोके.

तिच्या पाठीला झावळ्यांची भिंत टेकलेली होती. ठोके रेडिओतून आले, ती शपथेवर सांगू शकली असती. पण पाठीला तीन जागी, एकाखाली एक, दाब लागला.

तिचा हात आपोआप कळीकडे गेला. तिनं आवाज वाढवला. पुन्हा तीन ठोके. कळ शेवटपर्यंत फिरवली. पुन्हा तीन.

याहून मोठ्यानं तिच्याकडे काही नव्हतं.

६

टाकीत तीन बोटं पाणी उरलं. लाविनियानं येऊन खिळ्याची नवी खूण दाखवली. म्हणाली, मी मावशीकडे जाते मोठ्या बेटावर, पाऊस पडेपर्यंत. आणि आत्या, तू पण चल. एलेनोआ म्हणाली, शनिवार होऊ दे.

शनिवारी तिनं तळाचं पाणी गाळून आढ्याचा कॅन भरला. अर्धा झाला तेव्हा हात थांबला. मग टाकी तिरकी करून, पेल्यापेल्यानं, तिनं तो काठोकाठ भरला. टाकी संपली.

कॅन तिनं बाहेर ठेवला नाही. आत नेला, आपल्या चटईवर, भिंतीपाशी, शेजारी धुतलेला मग. रेडिओ खिळ्याला टांगला, लावला, आणि स्वतः घराबाहेर येऊन सेमीसीच्या ओंडक्यावर बसली. ती आत असताना तो आत येणार नव्हता. चाळीस वर्षांत आला नाही, तो आता येईल? उठायचं तर तिनंच उठायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट कळायला सात शनिवार लागले.

ऊन लखलखीत होतं. दुसऱ्या घरांतून गाणी येत होती, मग एकेक रेडिओ बंद होत गेला. तिच्या घरातला तेवढा राहिला. आतून मालाकाईचा आवाज आला, की अजून कुणालाच जमलं नाही, चला, आणखी थोडं.

खडे वाजले. एलेनोआ समोरच्या खड्यांकडे पाहत होती. एकही खडा हलला नाही. पाऊल पडलं, ओढलं गेलं, टाकीपाशी थांबलं. तोटी कुईं झाली, कोरडी. मग पावलं तिच्यासमोरून गेली आणि दारातून आत शिरली.

चटई दबल्याचा आवाज. झाकण फिरलं. घोट, घोट, घोट.

रेडिओत की घरात? तिनं भिंतीला कान लावला, तरी सांगता येईना. दोन झावळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिनं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. एक टाच दिसली, मांडीखाली दुमडलेली. पांढरीफटक, फार काळ पाण्यात राहिलेल्या बोटांना पडतात तशा सुरकुत्या पडलेली, आणि मधोमध जुनी खाच.

तिनं डोळे मिटले. भाऊ बसलेला असताना बहीण डोकावत नाही.

“सेमीसी,” ती भिंतीला म्हणाली, ओठातल्या ओठात, “अर्धं पाणी मीच ओतून घेतलं होतं.”

घोट थांबले.

भिंतीवर आतून तीन ठोके पडले.

तिला कळलं. ते ठोके रेडिओसाठी नव्हतेच. थोडं मोठ्यानं, हे तो तिला सांगत होता.

ती उभी राहिली. कुंपणापाशी लाविनिया बोचकं घेऊन निघायच्या तयारीत थांबली होती, पलीकडे दोन बायका कोरडी भांडी घेऊन. एलेनोआच्या तोंडून गावानं आजवर दुसऱ्यांच्याच चुका ऐकल्या होत्या.

“माझ्या भावाचं पाणी मी ओतून घेतलं,” ती म्हणाली, शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात. “त्यानं भरलेला कॅन मी अर्धा केला. तो तहानेनं मेला. माझा भाऊ मेला.”

लाविनियाच्या हातातलं बोचकं खाली आलं.

आतून आवाज झाला. इनॅमलवर, दोनदा. टक, टक.

नंतर नुसता मालाकाई, पुढच्या शनिवारचं काहीतरी सांगत.

७

बुधवारच्या बोटीवर एलेनोआनं दोन चिठ्ठ्या स्वतः नेऊन दिल्या. एक निधनवार्तांसाठी. दुसरीवर लिहिलं होतं, ‘पाणी पिणारा माझा भाऊ.’

सेमीसीचं नाव शुक्रवारी वाचलं गेलं. पाद्रीसाहेबांनी घंटा वाजवली, डुक्कर भाजलं, लाविनियाच्या कमरेची चटई आत्यानं आपल्या हातानं सोडून जाळली. पोर रडली. बापासाठी रडली की त्या अर्ध्या कॅनसाठी, ते आत्यानं विचारलं नाही. लाविनियानंही तिला क्षमा केली की नाही ते सांगितलं नाही. पण जाताना शेजाऱ्यांकडून मागून आणलेली पाण्याची कळशी तिच्या दारात ठेवून गेली.

शनिवारी मालाकाईनं एलेनोआची चिठ्ठी वाचली. म्हणाला, उत्तर बरोबर. मग डबी उघडल्याचा आवाज आला, आणि लगेच मिटल्याचा. नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याचं नावही वाचायचं असतं. त्यानं ते वाचलं नाही. घाईघाईनं नवा आवाज लावला. बकरीचं करडू. सगळ्या बेटांनी पहिल्याच फटक्यात ओळखलं असणार.

एलेनोआ आत नव्हती. ती बाहेर ओंडक्यावर बसली होती, भिंतीला पाठ लावून. आत रेडिओ चालू होता, चटई झटकून टाकलेली, आणि तिच्यावर भरलेला मग. वारा सुटला होता, समुद्राचा घोष वाढला होता, करडाचं ओरडणं त्यात नीट ऐकू येईना. मग गाणं लागलं, सेमीसी ज्याची दर महिन्याला फर्माईश करायचा ते.

तिनं हात मागे नेला. थोडा वेळ तो तसाच भिंतीवर टेकून ठेवला. मग तीन ठोके मारले.

आत कुणी नव्हतं. दार तिला बसल्या जागेवरून दिसत होतं, सकाळपासून कुणी शिरलं नव्हतं.

गाण्याचा आवाज हळूच वाढला.